ब्रह्मकमळासाठी अंधार

शीला गेल्यानंतर ब्रह्मकमळाला पहिल्यांदाच कळी आली. शाल्मलीने पुण्याहून फोनवर बजावलं, "बाबा, यंदा फोटो नीट काढा. आईच्या वेळचा एकही धड नाही. अंधारात नुसता पांढरा बोळा दिसतो."

बोळा फ्लॅशमुळे होतो, हे चंद्रशेखरला आता कळलं होतं. रात्री फोटो कसे काढावेत याचे व्हिडिओ तो रोज बघत होता. फ्लॅश बंद, मोबाईल स्थिर आणि कॅमेरा उघडा असेपर्यंत अर्धा मिनिट धीर. घरात दुसरं कोणी नसल्यामुळे धीर भरपूर होता.

संध्याकाळी कळी फुगली. त्याने मोबाईल पिठाच्या डब्याला दोरीने बांधला. समोरच्या खांबावरचा दिवा मात्र थेट कुंडीवर पडत होता. रात्री फूल उमलू लागलं, तसा त्याने लाईनमनला फोन लावला.

"देवसिंग, खांबावरचा लाईट जरासा बंद करता येते का रे?"

"एकटा नाही होत काका. अख्खी गल्ली बंद करा लागते."

"कर मंग."

गल्लीत अंधार झाला, तशी घाटंजीच्या रिवाजाप्रमाणे माणसं बाहेर आली आणि फाटक उघडं दिसलं म्हणून चंद्रशेखरच्या अंगणात जमली.

"काय हरपलं जी काका?"

"काही नाही. फोटो काढून राह्यलो."

"अंधारात कसा येईन?" म्हणत चार टॉर्च एकदम पेटल्या.

"विझवा! मले अंधारच पाह्यजे!"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. बायको गेल्यावर माणसाचं असं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. टॉर्च मुकाट्याने विझल्या.

तेवढ्यात शेजारच्या विमलताईंना वास आला. "ब्रह्मकमळ फुललं, अन् आमाले सांगतलं नाही? काहून जी भाऊजी? शीला असती तर दारोदार बोलवत फिरली असती!"

हळदकुंकू आलं, निरांजन आलं, आरती झाली. मग निरांजन दूर न्यायला लावून त्याने हात जोडले. "आता अर्धा मिनिट कोनी हलू नका."

त्याने बटण दाबलं. सगळे खांबासारखे उभे राहिले. फक्त विमलताई पुढे झाल्या आणि त्यांनी फूल खुडलं.

"विमलताई!"

"देवाले वाहा लागते ना भाऊजी. झाडावर कायले ठेवता?"

अंधारात हललेल्या विमलताई फोटोत आल्याच नव्हत्या. अर्धाच वेळ जागेवर असलेलं फूल विरळ आलं होतं, आणि त्यातून मागची भिंत दिसत होती.

वीज आली. विमलताई फूल घेऊन देवघराकडे निघाल्या, पण वाटेत शीलाच्या तसबिरीपाशी थांबल्या आणि फूल तिच्यापुढेच ठेवलं. ट्यूबलाईटच्या लख्ख उजेडात आपल्या मोबाईलने फोटो काढला आणि तिथूनच शाल्मलीला पाठवला.

लगेच चंद्रशेखरचा मोबाईल वाजला. "बाबा! काकूंच्या मोबाईलवरून काढलात ना? पाकळी न् पाकळी दिसते! आणि सोबत आई! शिकलात हो शेवटी!"

चंद्रशेखरने विमलताईंकडे पाहिलं. त्या साखर वाटत होत्या.

"सोपं नाही व्हय बेटा," तो म्हणाला. "अख्ख्या गल्लीत अंधार करा लागला."