भाऊकाकांची वाढवली

हातात आलेली दोन पानं पुरती उघडायच्या आत भाऊकाका "वाढवली" म्हणतात आणि दोन सुपाऱ्या चटईवर सरकवतात. हे गणिताचे निवृत्त मास्तर. नागावात आमच्या शेजारची वाडी त्यांची. खेळ पोकरचा, तोही दोघांचाच. तिसरा कोणी बसू का म्हणाला, तर त्याला शहाळं पाजून वाटेला लावतात.

समोर एरवी त्यांचे थोरले बंधू, अण्णा. गेल्या वर्षी अण्णांना बायपाससाठी मुंबईला नेलं आणि त्या जागेवर माझी नेमणूक झाली. पहिल्याच डावात पानं बेताची म्हणून मी न वाढवता नुसती त्यांच्या सुपाऱ्यांची बरोबरी केली. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेतला पाढा आठवेना.

"पानं तू वाटलीस ना? मग पुढच्या प्रत्येक फेरीत समोरचा आधी बोलणार, तू ऐकून बोलणार. एवढी सोय असताना भितोस कसला? चारातले तीन हात वाढवायचे. त्याला तरी कुठे दर वेळी चांगली पानं येतात?"

शिवाय वाढ ठरलेली, एका वेळी दोनच सुपाऱ्या. त्यामुळे एका डावात कोणी कोणाला बुडवू शकत नाही, हे ते फार समाधानाने सांगत. मी महिनाभर हरलो.

त्याच महिन्यात काकूंनी मला सांगितलं, की वाडीच्या वाटणीवरून या भावांचं बोलणं बारा वर्षं बंद आहे. घरच्या लग्नात शेजारी जेवायला बसले, तरी शब्द नाही. पण रोज चारच्या ठोक्याला अण्णा कुंपण ओलांडून यायचे. वाढवली, बघतो, सोडली. बारा वर्षांत एवढंच काय ते बोलणं.

अण्णा परतले ते अर्धे होऊन. चार दिवसांनी काठी टेकत आले आणि चटईऐवजी खुर्चीत बसले. मी जागा सोडून काकांच्या मागे उभा राहिलो. वाटप काकांचं होतं. त्यांनी पानं उचलली, तेव्हा मलाही दिसली. दोन एक्के. सुरुवातीला याहून वरचा हात या खेळात नाही.

काकांनी पानं पालथी ठेवली. मग खाली बघतच म्हणाले, "अण्णा, फार दुखतं का रे?"

अण्णांनी सदऱ्याची गुंडी काढून टाक्यांची रेघ दाखवली.

"खोकलो की दुखतं. उशी छातीशी धरून खोका म्हणालेत."

काका उठले आणि आतून स्वतःची उशी घेऊन आले.