झोपेची राखण

आमच्या गल्लीत भाजीवाली मुक्यानं भाजी विकते. गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले आप्पा तिला ओरडूच देत नाहीत. "मावशे, हळू! रूपा झोपलीया."

आप्पांची सारी नोकरी साखर कारखान्यात, यंत्रांच्या घरघरीत गेली. त्यांचं साधं "या, च्या घ्या" चौकात ऐकू जायचं. बायको गेली, आणि दोन वर्षांपूर्वी एकुलती एक लेक रूपा इथल्याच एका कॉल सेंटरला लागली. रात्रभर परदेशातल्या लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकायच्या, सकाळी सातला घरी यायचं, दुपारी तीनपर्यंत झोपायचं. तेव्हापासून आप्पा कुजबुजतात.

"वैनी, कुकर तीननंतर लावा की," असं ते माझ्या बायकोला सांगून जातात. एकदा तर वरातीच्या बँडपुढं हात जोडून उभे राहिले. "पावणं, एवढी गल्ली तेवढी मुक्यानं जावा." घोडीसुद्धा टापा न वाजवता गेली, असं लोक अजून सांगतात.

परवा चार वाजता आप्पा माझ्या दारात आले. चेहरा उतरलेला.

"मास्तर, रूपा अजून उठली न्हाय."

"मग हाक मारा की."

"मारली असती. पण जागी झाली म्हंजे?"

मला हसू आलं, पण ते दारातून हलेनात. "लई वाळलीया वो. जेवतबी न्हाय," ते म्हणाले. आम्ही तिच्या खोलीबाहेर दहा मिनिटं नुसतेच उभे राहिलो. शेवटी मी दार ढकललं. अंथरूण रिकामं. मोबाईल उशीवर.

"रूपाऽऽ!" आप्पा असे ओरडले की गल्लीतली दारं धडाधड उघडली.

"आप्पा, वर हाय मी."

ती गच्चीवर होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, गुडघे पोटाशी घेऊन बसलेली. डोळे लाल.

"झोप येत न्हाय," ती म्हणाली. "दोन महिने झालं. डोळं मिटलं की कानात माणसं शिव्या देत्यात."

"आगं, मग सांगायचं न्हाईस?"

"कसं सांगू? माझ्या झोपंसाठी तुम्ही गल्लीभर हात जोडत हिंडताय. म्हणून नुसती डोळं झाकून पडत होते."

आप्पा तिच्याशेजारी मांडी घालून बसले. कारखान्यात राबलेला तो जाड पंजा तिच्या डोक्यावरून फिरत राहिला. हळूहळू तिची मान त्यांच्या खांद्यावर कलंडली. थोड्या वेळानं तिचा श्वास संथ झाला.

आप्पांनी मला खुणेनं जवळ बोलावलं.

"मास्तर, तिच्या हापिसात फोन लावा. आज ती येत न्हाय म्हणून सांगा."

"कोण येत नाही म्हणून सांगू? रूपा पाटील?"

आप्पा गोंधळले. तिच्या झोपलेल्या तोंडाकडं बघत राहिले.

"तिथं फोनवर बोलाय तिला दुसरंच, विलायती नाव दिलंया," ते म्हणाले. "काय, ते मी कधी इचारलंच न्हाय."