रखमाआत्याची गोळी

रखमाआत्याच्या पदराच्या गाठीत पानसुपारी नसे, ॲस्पिरिनच्या गोळ्या असत. चिंचवडला आमच्या शेजारच्या घरात ती एकटी राहायची. कुणी नुसता कपाळाला हात लावला, की गाठ सुटलीच. दाढ दुखो, कंबर दुखो, सून उलट बोलो, औषध एकच. वर दंडक असा, "गोळी घेतली की उतार पडंपातुर हितंच बसायचं." लोक बसत. ती साऱ्या आळीच्या चौकशा करत राही. पिंपरीला सरकारचा औषधांचा कारखाना उभा राहिला, तेव्हा मला म्हणाली, "बघ सरू, सरकारला बी पटलं माझं."

मग तिचंच डोकं दुखायला लागलं, कानशिलापाशी. फणी लागली की ओरडायची, म्हणून विंचरणंच सोडलं. चावताना जबडा दुखायचा, तर भाकरी दुधात कुस्करून खायची. स्वतःच गोळी घ्यायची आणि स्वतःलाच सांगायची, "बस आता गप."

एका सकाळी तिनं चहा कपाबाहेर ओतला आणि कपालाच शिव्या दिल्या. उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं.

मी तिला ओढतच पुण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कानशिलावरची शीर चाचपली. दोरीसारखी टणक झाली होती.

"शिरेला सूज आहे, आजी. गेलेला डोळा परत येणार नाही. दुसरा वाचवायचा तर ही नवी गोळी रोज घ्यायची."

"अन् माझी ॲस्पिरिन?"

"तिनं दुखणं कमी होतं. डोळा वाचत नाही."

माहेरच्या माणसाला नावं ठेवल्यासारखा आत्याचा चेहरा झाला. मग तिनं विचारलं, "तुमची ही लोकान्ला वाटता येती का?"

"छे! फक्त तुम्हीच घ्यायची."

"मंग कसली गोळी!"

घेतली मात्र. मी समोर उभी राहून घ्यायला लावली. डोकं दुखायचं थांबलं, डावा डोळा राहिला. पण आळीनं ठरवून टाकलं, की ॲस्पिरिननंच आत्याचा डोळा खाल्ला. तिच्या ओट्यावर कुणी चढेना. ती गाठ सोडायची, परत बांधायची, आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या कपाळाकडे एका डोळ्यानं बघत बसायची.

माझं डोकं जन्मात कधी दुखलं नाही. एका दुपारी भांडी तशीच टाकून मी तिच्याकडे गेले आणि म्हणाले, "आत्या, डोकं लई दुखतंय."

तिचा हात गाठीवर थांबला. "तुला भ्या न्हाई वाटत?"

"दे लवकर."

गोळी आंबट लागली.

"बस मंग," ती म्हणाली. "उतार पडंपातुर उठायचं न्हाई."

दिवेलागणीपर्यंत मला काही उतार पडला नाही.