सतरावी सीडी

कळवण्यास हरकत नाही की आमच्या घरी एकूण सोळा सीड्या वाया गेल्या आणि सोळाच्या सोळा कामाला आल्या. खेद आहे तो सतरावीचा.

मी अभिलेख कक्षात वरिष्ठ लिपिक आहे. सव्वीस वर्षं एकच काम करतो. मूळ कागदाची नक्कल घ्यायची, ती मुळाबरहुकूम असल्याचा शिक्का मारायचा आणि मूळ कागद नष्ट करायचा. दोन्ही राहिले तर भांडणं लागतात, असं आमच्या नियमावलीचं मत आहे. माझं स्वतःचं असं काही मत नाही. लिपिकाला ते परवडत नाही.

घरात एक कॅसेट होती. आईनं जाण्याच्या आदल्या वर्षी तिच्यात एक गाणं म्हटलं होतं. गाणं बेताचंच. पण मधेच ती थांबते, म्हणते, "अहो, दूध बघा, उतू जाईल!" आणि पुन्हा कडवं उचलते. बाबा रोज दुपारी कॅसेट लावायचे आणि गाणं सोडून त्या वाक्याला मान डोलवायचे. फीत झिजत चालली होती. आईचा आवाज दिवसेंदिवस बसत होता.

"हिची सीडी करून आण रे," बाबा म्हणाले. "कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात देतात."

"दुकानात? नकला काढण्यात माझी हयात गेली, आणि घरची नक्कल परक्याच्या हातून?"

"हयात गेली म्हणूनच म्हणतोय," बाबा पुटपुटले.

मी कॉम्प्युटरला रायटर बसवून घेतला, सीड्यांची चळत आणली आणि काम नियमानुसार सुरू केलं. पहिली सीडी अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेली आणि मेली. चौकशीअंती बायकोनं मिक्सर लावल्याचं निष्पन्न झालं. मिक्सर बंद. दुसरीच्या वेळी दार आपटलं. दारं बंद. पाचवीला बाबा खोकले. त्यांना लेखी समज दिली. नवव्या सीडीपासून घरात चालणं, शिंकणं आणि मोठ्यानं विचार करणं मना होतं. तरीही सीड्या जातच होत्या, कारण किती टक्के झालं हे बघायला दर मिनिटाला माऊस मीच हलवत होतो. ही बाब अहवालात घेतलेली नाही.

वाया गेलेली वस्तू टाकायची नाही, हा आमचा बाणा. मी नोंदवही घातली. सीडी क्रमांक एक, चहाच्या कपाखाली. क्रमांक दोन, डब्याचं झाकण. चार, डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली. सातवीत बघून मी दाढी करू लागलो. मधल्या भोकामुळे नाक दिसायचं नाही, पण नाकाला दाढी नसते. बाकीच्यांपैकी कुठलीही कुणीही केव्हाही वापरावी, असं मी घरात परिपत्रक काढलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : जिच्यावर नाव नाही, ती वाया गेलेली समजावी.

सतरावी मात्र साधली! मी पहिल्यापासून शेवटपर्यंत, कानाला हेडफोन लावून, एकट्यानं ऐकली. दूध उतू जाण्याचं वाक्य जागच्या जागी होतं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या, खोटं कशाला सांगू.

"मला ऐकव ना," बाबा दारात उभे होते.

"रविवारी. अजून नाव घातलेलं नाही."

"अरे, बायको माझी आहे ती."

"बाबा, नियम म्हणजे नियम."

नाव घालायला न पुसणारं काळं पेन लागतं. ते आमच्या ऑफिसात भांडारपालाकडे असतं. त्यानं मागणीपत्र तीन प्रतींत मागितलं, मी आनंदानं चार दिल्या. पेन यायला चार दिवस लागले. मधल्या काळात मी उरलेली कार्यवाही उरकली. नक्कल पडताळली होती, तेव्हा मूळ नष्ट करणं भाग होतं. बाबा फिरायला गेले असताना मी कॅसेटमधली फीत ओढून काढली. ती तरी वाया का घालवावी? तिच्यानंच उरलेल्या सीड्या बाल्कनीत टांगल्या, कबुतरांना बुजवायला. कबुतरं बुजली नाहीत. बाबांना सांगितलं, रविवारपर्यंत धीर धरा.

रविवारी सकाळी मी पेन घेऊन टेबलाशी गेलो. टेबल स्वच्छ होतं.

"इथं सीडी होती?"

"होय की," बायको म्हणाली. "दुधाचं पातेलं उतरवलं, त्याच्याखाली घातली."

"उकळतं पातेलं? तिच्यावर?"

"नाव कुठं होतं तिच्यावर? परिपत्रक तुमचंच ना!"

पातेलं उचललं. सीडी पसरट बशीसारखी वाकली होती. बाल्कनीत जाऊन बाबांनी फीत हातात धरून पाहिली. चार दिवसांच्या उन्हावाऱ्यानं ती सुरकुतून जागोजाग तुटली होती. मग आत येऊन त्यांनी ती वाकडी सीडी पुसली आणि यंत्रात घातली. यंत्र खरखरलं, अडखळलं. गाणं गेलं होतं. दूधही गेलं होतं. एका जागी येऊन ती अडकली.

"अहो... अहो... अहो..."

मी सवयीनं बायकोला म्हणालो, "काय गं?" ती तोंडाला पदर लावून उभी होती.

आता रोज दुपारी बाबा ती सीडी लावतात. आई हाक मारत राहते, आणि ते खुर्चीतून म्हणतात, "आलो गं. आलो."

मी ऑफिसात असतो तेव्हा बरं असतं. रविवारी मात्र ऐकावं लागतं.

तुम्ही हसलात, हसा. माझ्यासारखा मूर्ख लाखात एक. तुमचं सगळं व्यवस्थित असणार, कुठल्याशा फोनमध्ये, कुठल्याशा फोल्डरमध्ये, नाव घालायचं तेवढं राहिलंय. बाकी काही नाही, आईचा आवाज नक्की कशात आहे एवढं जरा उठून बघून या. मी थांबतो.