दोरीवरचा पुरुष

समोरच्या शिवणकामवाल्या काकूंच्या दोरीवर रोज सकाळी एक चौकडीचा पुरुषी शर्ट वाळत असे, आणि त्यापायी निवृत्त पोस्टमास्तरांना चहा गोड लागत नसे. काकू विधवा. एकट्या राहतात म्हणून त्यांना सरकारी भत्ता मिळायचा. मग शर्ट कोणाचा? मास्तरांनी खिडकीतून डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवली. शर्ट रोज दिसे, माणूस काही दिसेना. म्हणजे नक्कीच लबाड असणार! त्यांनी सरकारी हेल्पलाइनला फोन लावला.

“नाव गुप्त राहील ना?”

“नाव घेतच नाही आम्ही, काका. फक्त हा नंबर राहील.”

सरकारची तिजोरी वाचवून मास्तर दुपारी छान झोपले.

काही दिवसांनी तपासणीच्या बाई आल्या. काकूंनी दारातूनच हाक मारली, “मास्तर, धावा हो! भत्ता बंद करतायत. तो गेला तर मी खाऊ काय?”

हे मात्र मास्तरांच्या डोक्यात आलंच नव्हतं. ते गेले, मागोमाग त्यांची बायकोही गेली.

“हा शर्ट कोणाचा?” बाईंनी विचारलं.

“यांचा,” काकूंनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

मास्तर उडालेच. बाईंनी त्यांना नखशिखांत न्याहाळलं. “म्हणजे तुम्ही इथे राहता?”

“छे छे! मी समोर... हिला विचारा!”

“यांना होईना म्हणून मीच दिला, यांच्या लक्षातही नसेल,” बायको म्हणाली. “घरात बाप्या आहे असं चोराला वाटावं, म्हणून वाळत घालतात त्या.”

“सगळे असंच काहीतरी सांगतात. होत नाही कशावरून? घाला बघू.”

मास्तरांनी श्वास रोखून गंजीवर शर्ट चढवला. बाह्या काखेत करकचल्या, कोपर वळेना, आणि पोटावरची बटणं काजांकडे लांबूनच बघत राहिली. बाईंना हसू आवरेना.

“पटलं! काकू, भत्ता चालू राहील.”

काकूंनी डोळे पुसले आणि मग त्या कडाडल्या, “पण माझ्या पोटावर पाय देणारा हा मेला आहे तरी कोण?”

“ते आम्हालाही ठाऊक नसतं. तक्रार निकालात निघाल्याचं तेवढं कळवायचं,” असं म्हणत बाईंनी नंबर लावला.

मास्तरांच्या पायजम्याच्या खिशात फोन वाजू लागला. त्यांनी जिवाच्या आकांताने धडपड केली, पण हात खिशापर्यंत पोचेना.

“थांबा मास्तर,” काकू मायेने म्हणाल्या, “मी देते काढून.”