जेवण आधी की नाटक आधी

“मंडळाच्या नाटकाला तुम्ही नाटकासाठी येता की जेवणासाठी?”

हा प्रश्न विचारायची उर्वीची हिंमतच नाही, असं तिच्या मैत्रिणींनी तिला चिडवलं होतं. उर्वी अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनोच्या हायस्कूलमध्ये शेवटच्या वर्षाला होती आणि जोडीला कॉलेजचा एक कोर्स करत होती. त्याच्या पेपरसाठी एआयने सुचवलेले विषय निम्म्या वर्गाने आधीच पळवले होते. प्रोफेसर म्हणाल्या, तुझ्या आसपासच्या माणसांना विचार. मग काय, उर्वीने ऑनलाइन फॉर्म बनवला, नाव लिहू नका असं बजावलं आणि मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. उत्तरं सगळ्यांना दिसू नयेत, ही सेटिंग करायची तेवढी राहिली.

नाश्ता होईपर्यंत बहुतेक मंडळ जेवणाच्या बाजूने गेलं होतं. खाली शेरेही होते. एकाने लिहिलं होतं, ‘सेनापतीला वाक्य आठवेपर्यंत भाजी गार होते.’

नाटकातला सेनापती म्हणजे उर्वीचे बाबा, सत्यजित. गाडी बाहेर काढून रोज गराजमध्ये तालीम करायचे.

आई भडकलीच. “आधी तो फॉर्म बंद कर. बाबाला काय वाटेल?”

उर्वीने बंद केला, पण तोवर स्क्रीनशॉट नाटक लिहिणाऱ्या जगन्नाथकाकांपर्यंत पोचला होता. रडवेली होऊन ती गराजमध्ये गेली.

“सॉरी बाबा. ते भाजीचं कोणी लिहिलं माहीत नाही, बट इट्स सो मीन.”

“मीच लिहिलं,” तलवार खाली ठेवत बाबा म्हणाले. “म्हटलं, काढतील तरी मला.”

मागून आलेली आई बघतच राहिली. “अरे, मग दर वर्षी नाव कशाला देतोस?”

“तू पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवतेस म्हणून.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून वाजवते रे.”

तेवढ्यात काकांचा फोन आला. बाबांनी भीत भीत स्पीकरवर टाकला. काका खुशीत होते. उर्वीच्या सर्व्हेने त्यांचे डोळे उघडले होते. मध्यंतरातलं जेवण आता नाटक संपल्यावरच, म्हणजे जेवून कोणी पसार होणार नाही. आणि सेनापतीची एवढी चर्चा आहे, तर त्याच्यासाठी आणखी एक अंक लिहायला त्यांनी घेतलाही होता.

बाबा मटकन खुर्चीत बसले. आई हसू दाबत त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागली. उर्वीने तलवार उचलून पाहिली. चांगलीच हलकी होती.

“ऐका दोघं,” ती म्हणाली. “माझा टॉपिक हाच राहणार. आणि या वर्षी सेनापती मी होणार. काकांशी मी बोलते. विचारत नाहीये, सांगतेय.”