तळातल्या संघाचे बर्वेकाका

शेजारचे बर्वेकाका रग्बीची मॅच बघताना आमचा सोफा ढकलत. स्क्रम लागला, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ धिप्पाड गडी डोकी खाली घालून एकमेकांना रेटायला लागले, की काका उठत, चष्मा टीपॉयवर ठेवत आणि सोफ्याच्या पाठीला मागून खांदा लावत. वय बावन्न, अंगकाठी तारेवर वाळत घातलेल्या सदऱ्यासारखी. सोफ्यावर मी बसलेली असले तर म्हणत, "तू उठू नकोस स्वाती, वजन कामाचं आहे." हे मी अजून विसरलेले नाही.

मंदीचे दिवस होते. डब्लिनच्या सँडीफोर्ड भागातल्या आमच्या बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट रिकामे होते, पण नेमका आमच्या खालचा भरलेला होता. तिथला डेक्लन लिफ्टमध्ये भेटला की विचारायचा, "युअर मॅन," म्हणजे तुमचा तो गडी, "आज पुन्हा ढकलणार का?" छत हलतं याचं त्याला फारसं दुःख नव्हतं. डब्लिनमध्ये राहून इंग्लंडच्या क्लबासाठी जीव टाकायचा, आणि तोही बारा संघांत बाराव्या क्रमांकावर असलेल्या, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

काका आयर्लंडला आले ते मेधाकाकूंच्या मागोमाग. काकू सरकारी हॉस्पिटलात भूल देणाऱ्या डॉक्टर. काकांनी चाकणच्या कारखान्यातली क्वालिटी कंट्रोलची नोकरी सोडली, पण क्वालिटी कंट्रोल काही सोडलं नाही. माझ्या पोळीचा घेर ते ताटात पडण्याआधीच नजरेने मोजत. रग्बीच्या नियमांचं पुस्तक लायब्ररीतून आणून त्यांनी ते अख्खं वहीत उतरवून काढलं होतं. चेंडू हाताने मागच्यालाच द्यायचा, या नियमावर तर ते फिदा होते. मॅच चालू असताना आधी काका निर्णय देत, मग रेफरी. दोघांचं जमलं नाही की "नियमात बसत नाही" म्हणून ते डोळे मिटून घेत.

हे सगळं आमच्याच घरात चालायचं, कारण खेळांचं चॅनल आमच्याकडे होतं. माझ्या नवऱ्याने ते क्रिकेटसाठी घेतलं होतं. बिचारा शनिवारी दुपारी निमूट रग्बी बघायचा.

मॅच संपली की काका फोन घेऊन बाल्कनीत जात, पाऊस असला तरी, आणि चाळीस-चाळीस मिनिटं आत येत नसत. शेवटी मी काकूंना विचारलं. त्यांचा एकुलता एक अनीश त्याच वर्षी इंग्लंडला कॉलेजात गेला होता, त्या क्लबाच्याच गावी. दहाव्या वर्षी डब्लिनला आलेला मुलगा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र आयरिश इंग्रजीत. जेवलास का? ग्रँड, म्हणजे मस्त. थंडी आहे का? ग्रँड. दीड मिनिटात फोन बंद. एकदा बोलता बोलता त्याने सांगितलं की मित्रांबरोबर क्लबाची मॅच बघून आलो, आणि त्या दिवशी तो अकरा मिनिटं बोलला. काकांनी घड्याळ बघितलं होतं. दुसऱ्या दिवशी ते लायब्ररीत हजर.

हे कळल्यावर मला सोफ्याचं काही वाटेनासं झालं. भीती वाटायला लागली ती गुणतक्त्याची. शेवटचा संघ पुढच्या हंगामात खालच्या विभागात जातो, आणि तिथल्या मॅच आमच्या चॅनलवर दिसत नसत. मग बापलेकांनी बोलायचं कशावर? रग्बीचा चेंडू लांबट का असतो हे मला आजही माहीत नाही, पण त्या वसंतात मी दर सोमवारी ऑफिसात आधी तो तक्ता उघडत होते.

मे महिन्यात शेवटची मॅच आली. जिंकलो तर वाचलो, अशी अवस्था. काका तासभर आधीच येऊन बसले, चहासुद्धा नको म्हणाले. अखेरच्या मिनिटाला आम्ही चार गुणांनी मागे, आणि समोरच्यांच्या रेषेपाशी स्क्रम; चेंडू रेषेपलीकडे टेकवला की पाच गुण. काकांनी खांदा लावला. माझा नवरा उठला आणि त्यांच्या शेजारी जाऊन वाकला. मग मीही गेले. तिघांनी मिळून सोफा पार टीव्हीपाशी नेला, आणि तिकडे चेंडू आमच्या गड्याच्या हातून पुढे सुटला. शिट्टी झाली, मॅच संपली. निर्णय नियमात बसतो, असं काका स्वतःच म्हणाले.

फोन वाजला. या खेपेला अनीशनेच केला होता. काका बाल्कनीत गेलेच नाहीत. त्या सुटलेल्या चेंडूबद्दल दोघं बोलले, ते दोन मिनिटांत संपलं. मी पाणी आणायला म्हणून निघाले, पण दारातच थांबले. खोटं कशाला सांगू, मला ऐकायचं होतं.

"अनीश," काका म्हणाले, "पुढच्या शनिवारी मॅच नाही. नंतरही दिसायची नाही. तरी मी फोन केला तर चालेल का?"

पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. काकांचा चेहरा गोंधळला.

"मी?" ते म्हणाले. "मी दिवसभर काय करतो?"

इथे आल्यापासून आठ वर्षांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं. शेजारी राहून मीही नाही, आणि त्याची मला फार लाज वाटली.

"सांगतो ना," काका म्हणाले. "आई हॉस्पिटलला गेली, की आधी तुझ्या खोलीची खिडकी उघडतो."